विमानाचा शिंपी

आपल्या गोव्याला आता दोन विमानतळ झाले. दाबोळी होताच, २०२३ च्या जानेवारीपासून मोपाहूनही विमाने उडू लागली. फोंड्याच्या माणसाला कुठला विमानतळ सोयीचा, यावर आमच्या ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत अजून वाद चालतात. मी मात्र आज ज्या विमानाविषयी लिहिणार आहे त्याला विमानतळच काय, धड धावपट्टीही लागत नाही. बऱ्यापैकी सपाट गवताचे मैदान मिळाले की पुरे. त्याला ब्रेक नाहीत, शेपटीला चाक नाही. जमिनीवर घासत जाणारी एक पट्टी आहे, तीच ब्रेकचे काम करते. वर एक पंख, खाली एक पंख, आणि मधे एकामागे एक बसायला दोन उघड्या जागा. नाव टायगर मॉथ.

गेले पाच-सहा महिने ऑफिसातून आल्यावर रोज तास-दीड तास मी या विमानाची प्रतिकृती बनवत होतो. रेझिनची, बत्तीसपट लहान. मूळ विमानाच्या पंखांचा पसारा ८.९४ मीटर आणि लांबी ७.२९ मीटर. म्हणजे माझ्या टेबलावर ते २८ सेंटिमीटर रुंद आणि २३ सेंटिमीटर लांब. शाळेच्या दप्तरात सहज मावेल एवढे. "यातून काय मिळतं तुला?" असे मित्र विचारतात. मी बी.ए. झालेला, सरकारी खात्यातला कारकून. इंजिनाशी माझा संबंध स्कूटरपुरता. तेव्हा प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचे उत्तर जरा लांबलचक आहे.

आधी विमानाची ओळख करून देतो.

टायगर मॉथ पहिल्यांदा उडाले २६ ऑक्टोबर १९३१ रोजी, इंग्लंडमध्ये. बनवणारी कंपनी डी हॅविलँड. काम एकच, नवशिक्याला उडायला शिकवणे. पुढच्या जागेवर शिक्षक बसणार, मागच्या जागेवर शिष्य. दोघांच्या मधे बोलण्यासाठी रबरी नळी. एका टोकाला शिक्षकाचे तोंड आणि दुसऱ्या टोकाला शिष्याचे कान! इंजिन चार सिलिंडरचे, १३० अश्वशक्तीचे, आणि तेही उलटे बसवलेले. जगभरात मिळून अशी ८,८०० हून जास्त विमाने झाली. दुसऱ्या महायुद्धात आपल्याकडे हैदराबादजवळ बेगमपेठला आणि जोधपूरला वैमानिकांच्या प्राथमिक प्रशिक्षणाच्या शाळा होत्या, तिथे हीच विमाने होती. आणि गोवेकरांसाठी एक गंमत म्हणजे पोर्तुगालनेही परवाना घेऊन आपल्या कारखान्यात ९१ टायगर मॉथ बांधली होती. सीमेच्या अलीकडे काय नि पलीकडे काय, उडायला शिकवणारी मास्तरीण एकच!

भारतीय हवाई दलात पुढे तिची जागा घेतली एचटी-२ ने. ते बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये डॉ. वि. मा. घाटगे यांच्या देखरेखीखाली तयार झाले आणि १९५१ च्या ऑगस्टमध्ये पहिल्यांदा उडाले. पूर्ण धातूचे, एका पंखाचे. हवाई दलाने जुन्या टायगर मॉथला विश्रांती दिली. पण फ्लाइंग क्लबांतून ती पुढेही बरीच वर्षे उडत राहिली, आणि तिथेच आमच्या घराचा तिच्याशी संबंध येतो.

माझे मोठे काका, तात्या, आता शहाऐंशी पूर्ण आहेत. १९५२ मध्ये चौदाव्या वर्षी इंग्रजी शिकायला म्हणून त्यांना मुंबईला नातेवाईकांकडे पाठवले. गिरगावात एका खोलीत आठ माणसे, अशातली ती खोली. शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले आणि १९५६ मध्ये ते तिथल्या एका फ्लाइंग क्लबात कामाला लागले. गावात वार्ता पोचली ती "थोरला विमान कंपनीत साहेब झाला" अशी. तात्या सुट्टीवर आल्यावर त्यांनी खरे सांगितले. आपण विमानाचे पंख शिवतो! झाले. त्या दिवसापासून त्यांचे नाव पडले "विमानाचा शिंपी". आमच्या लहानपणी आम्ही पोरेसुद्धा मागून तसे म्हणायचो आणि हसायचो. विमान कधी शिवतात का? विमान पत्र्याचे असते, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होते.

पण टायगर मॉथ पत्र्याचे नसते. त्याचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंखांचा सांगाडा लाकडाचा, आणि त्यावर चढवलेले असते कापड. लिननचे. आकाशकंदील ज्याने घरी केला आहे त्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. बांबूच्या काड्यांचा सांगाडा, त्यावर पतंगाचा कागद, आणि मैद्याची खळ. खळ सुकली की ढिला कागद ताठ होतो आणि त्यावर टिचकी मारली तर टण्ण वाजतो. विमानात खळीचे काम करते 'डोप' नावाचे द्रव्य. त्याचे हात एकावर एक दिले की कापड आकसते आणि ढोलकीच्या पानासारखे ताणले जाते. तात्या म्हणतात, त्याचा वास नेलपॉलिश आणि पिकलेली केळी एकत्र केल्यासारखा येई आणि घरी गेल्यावरही कपड्यांतून जात नसे.

नुसते चिकटवून मात्र भागत नाही. उडताना वरच्या बाजूचे कापड हवा वर खेचत असते. ते फासळीपासून सुटले तर पंखाचा आकारच बिघडला. म्हणून लांब सुईने, मेण लावलेल्या दोऱ्याने, वरचे आणि खालचे कापड प्रत्येक फासळीला धरून शिवायचे. सुई वरून घालायची, खालून काढायची, फासळीला वेढा देऊन परत वर आणायची आणि प्रत्येक टाक्याला गाठ मारायची. एक टाका सुटला तरी बाकीचे सुटता कामा नयेत म्हणून प्रत्येकाला गाठ. मग त्यावर कापडाची पट्टी आणि पुन्हा डोप. हे काम म्हणजे तात्यांची नोकरी.

त्या वर्षांत तात्यांना घरी येता येत नव्हते. १९५५ पासून गोव्याची नाकेबंदी झाली, रेल्वे थांबली, परवान्यांची कटकट सुरू झाली. नोकरी लागली त्यानंतर १९६१ च्या डिसेंबरपर्यंत त्यांनी आईला पाहिले नाही. टायगर मॉथची पेट्रोलची टाकी असते वरच्या पंखाच्या मधोमध, वैमानिकाच्या डोक्यावर. ती भरली की विमान साधारण तीनशे मैल जाते. मुंबईहून गोवा आकाशमार्गे अडीचशे मैलांच्या आसपास. हे गणित तात्यांनी मला अनेकदा सांगितले आहे. दरवेळी ते एवढेच सांगतात आणि गप्प होतात.

पुढे क्लबांत धातूची विमाने आली. कापडाचे काम आटत गेले. शेवटची पंधरा वर्षे तात्यांनी विमानांच्या सीटची कव्हरे शिवली आणि निवृत्त होऊन गावी आले. गेल्या काही वर्षांत काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. उजेड कळतो, माणूस दारात उभा आहे हे कळते, पण कोण ते आवाजावरून ओळखतात.

इंग्लंडमधला भाचा गेल्या वर्षी सुट्टीवर येताना मला काय आणू म्हणून विचारत होता, तेव्हा मी हा संच मागितला. हेतू असा की तात्यांच्या हातात त्यांचे विमान द्यावे. पाहण्यासाठी नव्हे, चाचपण्यासाठी. आणि इथेच सगळा पेच होता. कारण अशा प्रतिकृती डोळ्यांसाठी असतात. काचेच्या कपाटात ठेवायच्या आणि "हात लावू नका" म्हणायचे. मला करायची होती हात लावण्याची प्रतिकृती.

रेझिन हा पदार्थ नेहमीच्या प्लॅस्टिकच्या संचापेक्षा वेगळा. प्लॅस्टिकचे भाग कारखान्यात पोलादी साच्यात हजारोंनी निघतात. रेझिनचे भाग छोट्या कारागिरांकडे सिलिकॉन रबराच्या साच्यात ओततात. असा साचा काही डझन नग काढल्यावर झिजतो. त्यामुळे संच थोडेच निघतात, पण बारकावा फार सुरेख येतो. प्रत्येक भागाला ओतण्याचा एक जाड ठोकळा चिकटून येतो. तो बारीक दातांच्या करवतीने कापावा लागतो. भागांवर साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर असतो, तो साबणाच्या कोमट पाण्याने धुतला नाही तर रंग धरत नाही. आणि रेझिनची धूळ फुप्फुसांना वाईट. म्हणून पॉलिश पेपर नेहमी ओला करून घासायचा आणि तोंडावर मास्क. कोविडच्या काळातले मास्क शेवटी सत्कारणी लागले.

खालचा एक पंख प्रवासात किंचित वाकून आला होता. त्यावर उपाय सोपा आहे. गरम पाण्यात बुडवायचा, मऊ झाला की सपाट काचेवर सरळ करायचा आणि गार पाण्यात टाकायचा. मी हे करत असताना सौ. स्वयंपाकघरात आली. "आज जेवणात विमान?" एवढेच विचारून गेली. पातेले मात्र परत घेतले नाही.

प्लॅस्टिकला चालणारा गोंद रेझिनला चालत नाही. तिथे फेव्हिक्विकच्या जातीचा गोंद किंवा अॅरल्डाइट लागते. फेव्हिक्विकचा गुण असा की तो हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. आमचा आषाढ-श्रावण म्हणजे हवेत ओलाव्याला तोटा नाही! परदेशी मंडळी लिहितात की भाग दहा सेकंद धरून ठेवा. इथे पावसात पाच सेकंदांतच काम होते, आणि कधी बोटही चिकटते. रंगाचे मात्र उलट. दमट हवेत थिनरचा रंग मारला की त्यावर दुधाळ साय धरते. तात्यांना हे सांगितले तेव्हा ते खुशीत हसले. डोपचेही अगदी तसेच होई. मुंबईच्या पावसात डोप मारायचा दिवस बघून ठरवावा लागे, लग्नाचा मुहूर्त बघावा तसा. मीही रंगकाम चवथ उलटून पाऊस ओसरेपर्यंत थांबवले.

टायगर मॉथचा वरचा पंख नीट बघा. तो सरळ नाही, किंचित मागे झुकलेला आहे. मला वाटे की हे वेगासाठी असेल. कारण वेगळेच निघाले. आधीच्या मॉथ विमानात पुढच्या जागेवर बसणाऱ्याच्या डोक्यावरच पंख आणि भोवती त्याचे खांब. पाठीवर पॅराशूट बांधलेल्या शिक्षकाला संकटात तिथून बाहेर पडणे कठीण. म्हणून पंखाचा मधला भाग पुढे सरकवला. पण मग विमानाला उचलणारी ताकदही पुढे सरकली आणि तोल बिघडला. डोक्यावरची मासळीची पाटी पुढे कलली तर बाई काय करेल? मागून भार वाढवील. तसे यांनी पंखांची टोके मागे झुकवली आणि तोल परत जागेवर आणला. शिक्षकाचा जीव वाचावा म्हणून आलेला हा आकार. प्रतिकृतीत तो कोन दोन्ही बाजूंना सारखा यावा म्हणून मी जुन्या लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचा साचा कापला आणि अॅरल्डाइट सुकेपर्यंत पंख त्यात रात्रभर ठेवला.

मग आल्या तारा. दोन पंखांच्या विमानाचा जीव तारांत असतो. काही तारा उडताना पंख वर उचलले जातात तेव्हा ताण घेतात, काही जमिनीवर उभे असताना पंखांचा भार धरतात. प्रतिकृतीत तारेसाठी बरेच जण लवचीक धागा वापरतात. बोट लागले तरी तुटत नाही, परत जागेवर येतो. माझ्या कामाला तो सोयीचा होता. पण खऱ्या तारेचा ताण त्यात नाही. पट्टीने नुसती रेघ ओढावी तसा तो दिसतो. तात्यांच्या बोटाला तो रबरच लागला असता. शेवटी मी बाजारात गरीच्या सामानाच्या दुकानात जाऊन बारीक तंगूस आणली. पंखांत सुईएवढी भोके पाडून ती आरपार ओवली, ताणली आणि गोंदाने पक्की केली. गंमत अशी की तारा लागेपर्यंत पंख हातात धरले की लचकत होते. सगळ्या तारा बसल्या आणि तो सांगाडा एकदम घट्ट झाला. खऱ्या विमानात जे घडते तेच या चिमुकल्यात घडले. आता ते कुणीही हातात घेतले तरी भीती नव्हती.

रंग देण्यापूर्वी एका रविवारी मी ते तात्यांच्या हातात दिले. त्यांनी आधी पंखा चाचपला. याची पाती कुठल्या बाजूला वळलेली आहेत ते अंगठ्याने पाहिले. हे इंजिन बऱ्याच इतर इंजिनांच्या उलट दिशेला फिरते. वैमानिकाच्या जागेवरून पाहिले तर डावीकडे. सकाळी पंखा हाताने फिरवून इंजिन सुरू करण्याचे काम तात्यांनी शेकडो वेळा केले होते, तेव्हा हाताला ते विसरणे शक्य नव्हते. मान हलवून त्यांनी पसंती दिली. तारा एकेक करून बोटाने दाबल्या. मग वरच्या पंखावर बोटे फिरवली. पुढून मागे, मागून पुढे. फासळ्यांचे उंचवटे त्यांना लागले. तरी बोटे फिरतच राहिली.

"टांके खंय?" त्यांनी विचारले.

संचात फासळ्या होत्या, टाके नव्हते. इतक्या लहान मापात ते कुणी दाखवत नाही. मी तसे म्हणालो. खऱ्या विमानातही टाक्यांवर पट्टी येते, डोप येतो, रंग येतो, मग दिसतात कुठे?

"दिसपाचे न्हय ते, हाताक लागपाचे," तात्या म्हणाले.

अंतर विचारले तर त्यांनी चार बोटे जोडून दाखवली. चार बोटांवर एक टाका. पंख्याचा झोत जिथे लागतो तिथे जरा दाट. चार बोटे म्हणजे तीन इंच धरले तर बत्तीसपट लहान मापात जवळजवळ अडीच मिलिमीटर. मी सुईच्या टोकाने घट्ट गोंदाचे एकेक टिंब ठेवायला सुरुवात केली. रोज दोन फासळ्या. वरच्या बाजूलाच आठशेच्या वर टिंबे झाली. महिना गेला. डोळे शिणले की उठून अंगणात जायचो आणि मनात यायचे, माझी ही टिंबे आहेत, सुकली की झाले. यातला प्रत्येक टाका त्यांनी सुई आरपार घालून, गाठ मारून घातला होता. एका पंखाचा नव्हे, किती पंखांचा कोण जाणे. आणि त्या प्रत्येक गाठीच्या भरवशावर कुणीतरी अठरा-वीस वर्षांचा मुलगा पहिल्यांदा एकटा आकाशात गेला होता.

ते काम चालू असताना तात्या रोज संध्याकाळी शेजारी येऊन बसत आणि बोलत. इतक्या वर्षांत जे कधी सांगितले नव्हते ते सांगत. पंख शिवून झाला की तपासनीस येई, टाके मोजी आणि वहीत सही करी. सही त्याची. शिवणाऱ्याची सही कुठेच नसे. तेव्हा तात्या काय करत, तर शेवटची बाजू बंद करण्याआधी आतल्या लाकडावर पेन्सिलीने तारीख आणि आपली दोन अक्षरे लिहून ठेवत. पुढे कधी तो पंख कुणी उघडला तर त्याला कळावे, एवढ्यासाठी.

मी कारकून आहे. आमच्या फायलीत टिपणाखाली डाव्या बाजूला कारकुनाची आद्याक्षरे असतात, उजवीकडे साहेबांची सही. निर्णय साहेबांच्या नावाने ओळखला जातो. पण फाईल वर्षांनी पुन्हा उघडली आणि काही शोधायचे असले तर जाणता माणूस आधी डाव्या बाजूची अक्षरे बघतो. त्यामुळे तात्यांची ती पेन्सिल मला फार जवळची वाटली.

रंग ऑक्टोबरात झाला. शिकाऊ विमानाचा ठरलेला पिवळा. इतर वैमानिकांनी लांबूनच बघावे आणि सांभाळून असावे म्हणून हा रंग, आपल्याकडच्या शिकाऊ गाडीच्या लाल 'एल'सारखा. खालच्या डाव्या पंखाच्या पोटाशी, जिथे उचलून पाहिल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी, पेन्सिलीने एक तारीख आणि दोन अक्षरे आहेत. अक्षरे तात्यांची. तारीख त्यांनीच सांगितली, १९५७ मधली, त्यांनी पहिला पंख एकट्याने शिवला त्या दिवसाची.

हवाई दलाने एक जुने टायगर मॉथ इंग्लंडमध्ये दुरुस्त करवून २०१२ पासून पुन्हा उडते केले आहे. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सी हॉक आहे, अलिझे आहे, प्रचंड सुपर कॉन्स्टेलेशन आहे. मुलांना घेऊन जरूर जा. या विमानांवर माहितीच्या पाट्या असतात. वेग, वजन, इंजिन, आणि कधी वैमानिकांची नावे. शिवणाऱ्यांची पाटी कुठल्याच संग्रहालयात नसते.

आपल्या गोव्यात घराघरात असे लोक आहेत. कुणी मुंबईच्या गोदीत होते, कुणी बोटीवर, कुणी छापखान्यात खिळे जुळवत होते. गावात त्यांना आपण काहीतरी टोपणनाव देऊन मोकळे झालो. त्यांनी नेमके काय केले, हाताने कसे केले, कोणते हत्यार कसे धरले, हे विचारायचे राहून गेले. अजून जे आहेत त्यांना विचारा. विचारताना त्या कामाची एखादी वस्तू त्यांच्या हातात द्या. नुसते विचारले तर "काय सांगायचे त्यात?" म्हणतील. हातात वस्तू आली की हातच बोलू लागतात, हा माझा अनुभव. आणि ते सांगतील ते तारखेसकट लिहून ठेवा.

तात्यांचे विमान सध्या त्यांच्या खोलीत, खिडकीपाशी आहे. काचेच्या कपाटात नाही. गल्लीतली पोरे येतात आणि हात लावतात. एक-दोन वेळा चाक निखळले, मी बसवून दिले. पोरांना अजून ते "विमानाचा शिंपी" म्हणूनच ठाऊक आहेत. पण हल्ली तात्या स्वतःच ते नाव सांगतात.